शेमसचा गेलिक अर्धा तास

काहींच्या घरी कुपनं साठतात, काहींच्या घरी दह्याचे रिकामे डबे. आमच्याकडे किस्से साठले. मुद्दाम कोणी जमवले नाहीत. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या एका केबल स्टुडिओत दर शनिवारी दुपारी जायचं, एवढं निमित्त पुरलं.

केबलवाल्यांनी एक चॅनेल गावातल्या लोकांना फुकट देऊन टाकला होता. या, शिका, आपापले कार्यक्रम करा! माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि घरी बसून मी नवऱ्याचं डोकं खात होते, म्हणून मी तिथे फ्लोअर मॅनेजर, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या माणसांना खुणा करणारी, झाले. पगार नाही, पण हेडफोन मिळायचा.

आम्हा एडिसन गावातल्या मंडळींचा मराठी कार्यक्रम अर्ध्या तासाचा. त्याच्या आधीचा अर्धा तास शेमसचा. शेमस म्हणजे रिटायर्ड बस ड्रायव्हर, आयर्लंडच्या समुद्रकाठच्या एका खेड्यातून आलेला. त्याचा कार्यक्रम अथपासून इतिपर्यंत गेलिकमध्ये, म्हणजे त्यांच्या जुन्या भाषेत.

स्टुडिओचा नियम असा की आपला कार्यक्रम हवा असेल तर दुसऱ्याच्या कार्यक्रमात राबायचं. शेमसची माणसं सगळी सत्तरीला टेकलेली. त्यांचा कॅमेरा ढकलणार कोण? आमचे जोशी. तेव्हा न्यू जर्सीतला गेलिक टेलिव्हिजन मराठी माणसांनी चालवला असं मी म्हटलं, तर ती थाप समजू नका!

स्टुडिओची मॅनेजर लिंडा. तिला शेमसचा अर्धा तास काढून एरोबिक्सवाल्या बाईला द्यायचा होता. "शेमस, हे बघतं तरी कोण?" असं ती दर शनिवारी विचारायची. शेमस चहा ढवळत बसायचा.

*

शेमसची बायको ब्रीजिद आमच्या मराठी कार्यक्रमाचा साऊंड सांभाळायची. एकदा आमटीत गूळ घालावा की नाही यावर आम्ही चर्चा ठेवली. पुण्याच्या दोघी एका बाजूला, नागपूरची मी एका बाजूला. चर्चा छान रंगली.

कार्यक्रम संपल्यावर लोकांचे फोन आले, "अहो, शेवटची दहा मिनिटं आवाजच नव्हता!"

ब्रीजिदला विचारलं. ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही इतक्या भांडत होतात, मला वाटलं घरातली भांडणं बाहेर कशाला जायला हवीत."

*

कॅमेऱ्यावरच्या जोश्यांना गेलिकचं एक अक्षर कळत नव्हतं. त्यामुळे पाहुण्याचं तोंड कधी जवळून दाखवायचं हे ते चेहऱ्यावरून ठरवायचे. "यार, इमोशन इज इमोशन," असं त्यांचं म्हणणं.

एकदा मुलाखत देताना एका आजोबांचे डोळे भरून आले. जोशी हळूहळू कॅमेरा त्यांच्या डोळ्यांपर्यंत नेऊन थांबले. त्यांचे स्वतःचेही डोळे ओले! नंतर त्यांनी ब्रीजिदला विचारलं, "त्यांचं गाव आठवलं का त्यांना?"

"नाही. सकाळी दाढ काढली होती, भुलीच्या औषधाचा असर उतरला."

*

शेमसने शपथ घेतली होती की आपल्या अर्ध्या तासात इंग्रजीचा शब्द काढायचा नाही. एका शनिवारी बर्फाच्या वादळाचा इशारा आला. लिंडाने कागद पाठवला, प्रत्येक कार्यक्रमात हा वाचायचा. शेमसने वाचला, गेलिकमध्ये.

कार्यक्रम संपताच लिंडा धावत आली. "लोकांना इंग्रजीत कळायला नको का?"

"ज्यांना इंग्रजीत हवं असेल त्यांनी खिडकीबाहेर बघावं," शेमस म्हणाला. स्क्रीनवर खाली पट्टी टाकून लिंडाने इशारा लोकांपर्यंत पोचवला, पण त्या दिवसापासून एरोबिक्सवाली बाई वरचेवर स्टुडिओत दिसायला लागली.

*

हा किस्सा मात्र माझ्यावरच उलटला. शेमसने गावाकडची एक गाणारी आजी आणली होती. पेटी नाही, तबला नाही, नुसता गळा. आणि कडवी तरी किती! वेळ संपत आला तसं मी समोर उभं राहून हाताने गोल गोल चाक फिरवल्यासारखी खूण केली. आमच्या स्टुडिओत त्याचा अर्थ, आवरा.

आजींनी माझ्याकडे पाहिलं, चेहरा फुलला, आणि त्यांनी आवाज चढवला. मी हात जोरात फिरवला. त्या आणखी जोरात! शेवटी मी दोन्ही हात फिरवायला लागले, तर समोर बसलेले म्हातारे टाळ्या वाजवायला लागले.

नंतर ब्रीजिदने सांगितलं की त्यांच्याकडे गाणाऱ्याचा हात धरून असाच गोल फिरवतात. म्हणजे, वा, चालू दे! बाहेर आमचे मराठी डॉक्टर डायबेटिसवर बोलायला कोट घालून ताटकळत होते. त्यांना निम्माच वेळ उरला, त्यामुळे एडिसनच्या मराठी मंडळींना डायबेटिसची लक्षणं कळली, पथ्य काही कळलं नाही. अजून खुशाल श्रीखंड खातात!

*

एकदा शेमसने नातवंडांना बोलावलं. त्याने गेलिकमध्ये विचारलं, पोरांनी इंग्रजीत उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा इंग्रजी. माझा मुलगाही घरी हेच करायचा. आपण एकटेच नाही म्हणून मला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच फार वाईट वाटलं.

त्याच दिवशी लिंडाने निकाल दिला. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी लाइव्ह फोन घ्यायचे. स्टुडिओबाहेरच्या एकाही माणसाने फोन केला नाही, तर अर्धा तास एरोबिक्सला.

ब्रीजिद वायरी गुंडाळत म्हणाली, "हे बंद झालं की शेमसला या भाषेत बोलायला मी एकटीच उरणार. आणि माझ्याशी तो बोलतो कुठे?"

मी हसले. ती हसली नाही.

*

तो शनिवार उजाडला. शेमसने नवा टाय घातला होता. फोन नंबर स्क्रीनवर झळकत होता. अडचण एवढीच होती की आमच्या माहितीत गेलिक बोलणारे जेवढे होते, तेवढे सगळे शेमसला धीर द्यायला स्टुडिओतच येऊन बसले होते! मग फोन करणार कोण?

शेमस बोलत होता. फोन गप्प. लिंडा काचेआडून बघत होती.

"मी कोपऱ्यावरच्या पे-फोनवरून कॉल करू का?" जोशी माझ्या कानाशी म्हणाले.

"बोलणार काय?"

"ब्लँक कॉल देतो ना!"

"आणि कॅमेरा कोण धरणार? गप्प उभे राहा."

शेमस सारखा टाय नीट करत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

आणि फोन वाजला. आवाज स्टुडिओतल्या स्पीकरवर आला. "हॅलो? ते आजोबा आहेत का?"

चक्क मराठी! आवाज ओळखीचा, आमच्या साठे काकू. साताऱ्याहून मुलाकडे राहायला आलेल्या. इंग्रजी येत नाही, मुलगा-सून दोघंही कामावर, दिवसभर घरात एकट्या.

मी घाईघाईने म्हटलं, "काकू, आपला कार्यक्रम यानंतर आहे."

"ठाऊक आहे गं. मला त्यांच्याशीच बोलायचंय. मागच्या शनिवारी गोष्ट अर्ध्यावर सोडली त्यांनी. त्या बाईची गाय सापडली का?"

मी शेमसला इंग्रजीत सांगितलं. त्याने खुर्ची फोनजवळ ओढली आणि मागच्या वेळी सोडली होती तिथून गोष्ट सांगायला लागला, गेलिकमध्ये, हातवारे करत.

"हं," स्पीकरवरून काकू म्हणाल्या.

तो पुढे गेला. "हं." आणखी पुढे. "हं, मग?" आपल्याकडे गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा लागतो, नाहीतर सांगणारा थांबतो. एका ठिकाणी शेमसने आवाज एकदम खाली आणला. काकू "अगं बाई!" म्हणाल्या, आणि नेमक्या त्याच क्षणी खुर्च्यांवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी श्वास रोखला.

गोष्ट संपली. कार्यक्रमही संपला. लिंडा बाहेर आली.

"हिला गेलिक येतं?"

"नाही."

"मग हिला कळलं तरी काय? विचार."

मी फोनवर विचारलं.

"त्यात कळायचंय काय?" काकू म्हणाल्या. "गाय दिरानेच नेली होती. मी गेल्या शनिवारीच सुनेला म्हटलं, हा मेला चांगला दिसत नाही!"

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. शेमसने टाय सैल केला.

"दीरच होता," ब्रीजिद हळूच म्हणाली.

लिंडाने वेळापत्रकाचा कागद पुढे ओढला. मग म्हणाली, "एरोबिक्स रविवारी घेऊ."