पेरूच्या झाडावरच्या सीड्या

बेल्ह्याच्या बाजारतळाजवळ माझ्या एका मित्राचं एसटीडी फोनचं दुकान होतं. फोनच्या त्याच एका लाइनवर जुना कॉम्प्युटर जोडून तो इंटरनेटवरचा रेडिओ ऐकू बघायचा. कॉम्प्युटरच्या मासिकांसोबत फुकट आलेल्या सीड्यांमधून लिनक्स या संगणकप्रणालीचा एकेक प्रकार बसवून बघायचा. आवाज अडखळला की म्हणायचा, "ह्ये बी नाय राव, मशीनला लई जड व्हतंय," आणि ती सीडी पाखरं हुसकायला दारातल्या पेरूला टांगायचा.

एका बाजाराच्या दिवशी एक हलकं लिनक्स जमलं. सनई न तुटता वाजू लागली. तो डोळे मिटून बसला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक धावत आलं. "बैल पसंत हाय, पण घरी इचारायचंय."

त्यानं लगेच रेडिओ तोडून लाइन मोकळी केली आणि फोन पुढं केला. शेजारी बसलेला मीच हळहळलो.

तो मात्र पुन्हा डोळे मिटून त्या माणसाचं बोलणं ऐकत बसला.