मार्थाबाईंची डीपी

"साहेब, डीपी?"

"नाही आली, मार्थाबाई."

"बरं," म्हणून बाई दाराजवळच्या बाकावर बसल्या. आता त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलणार नाहीत, हे मला माहीत होतं.

डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तारांतली जास्त दाबाची वीज घरात वापरण्याइतकी कमी करणारी लोखंडी पेटी. बीडकडं तिला सगळे डीपीच म्हणतात. रोहित्र फक्त पेपरवाले लिहितात. मी तेव्हा वीज खात्यात ज्युनियर इंजिनिअर होतो. दिंद्रुडकडच्या एका ख्रिस्ती वस्तीची डीपी जळाली होती. डीपी नाही म्हणून बोअर बंद, बोअर बंद म्हणून प्यायला पाणी नाही. धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली. मागं राहिलेली म्हातारी माणसं लांबच्या विहिरीवरून हंडे आणत होती.

ज्याची डीपी आधी जळाली त्याला आधी मिळते, असा नियम. प्रत्यक्षात गावची पोरं टेम्पो भरून येतात, ऑफिसला घेराव घालतात, पुढाऱ्याचा फोन येतो आणि डीपी त्याच टेम्पोतून जाते. मार्थाबाईंच्या वस्तीत टेम्पो भरायला माणसंच नव्हती. ही एकटी विधवा बाई एसटीनं यायची. भांडण नाही, रडणं नाही. नुसती बसायची. मी आपला चहा विचारायचो.

एकदा वैतागून म्हणालो, "बाई, तुम्ही देवाचं करणाऱ्या. घरी बसून प्रार्थना करा की. इथं कशाला हेलपाटे?"

"येशूनं एक गोष्ट सांगितलीया, साहेब. एक न्यायाधीश व्हता. देवाला भ्यायचा न्हाई, माणसाला जुमानायचा न्हाई. एक विधवा सारखी त्याच्या दारात, मला न्याय द्या म्हणून. शेवटी तो म्हणला, ही बया माझं डोकं खाईल, देऊन टाकू हिला न्याय."

आमचे लाइनमन गफूरभाई मान खाली घालून हसायला लागले.

"म्हणजे तो न्यायाधीश मी?"

"न्हाई वो. तुमी लई चांगले. चहा तरी इचारता."

"आणि देवाचंही असंच डोकं खायचं का?"

"आमच्या चर्चचे पाळक सांगतात, अर्थ उलटा हाय. असला नाठाळ माणूस ऐकतो, तर देव तर आपला बाप. तो का म्हून ऐकायचा न्हाई? उशीर झाला तरी मागायचं सोडू नये, हार खाऊ नये, येवढंच."

मला ते चांगलंच लागलं. बाईंनी गोड बोलून मला नाठाळांच्या रांगेत बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या कार्यकारी अभियंत्यांकडे गेलो.

"स्टोअरला डीपी नाही," साहेब म्हणाले.

"बरं सर," म्हणून मी समोरच्या खुर्चीवर बसून राहिलो.

"आता काय?"

"काही नाही सर. डीपी."

परत गेलो, परत बसलो. शेवटी साहेबांनी डबा बाजूला सारून स्टोअरला फोन लावला. "अरे, ती दुरुस्त होऊन आलेली डीपी ह्याला दे बाबा. हा मला जेवू देत नाहीये."

डीपी बसली, आम्ही लाइन चालू केली. बोअरचं पाणी आलं आणि म्हाताऱ्या हंडे घेऊन निघाल्या. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

"ऐकलं ना देवानं?" मी मार्थाबाईंना म्हणालो. "रोज डीपीच मागत असाल त्याच्याकडं."

"डीपी तुमच्याकडं मागत व्हते. देवाकडं येगळं."

"काय?"

"ह्या साहेबाची बदली हू देऊ नको म्हणलं. नवा साहेब आला की परत पहिल्यापासून सगळं."

गफूरभाईंची मान पुन्हा खाली. साताऱ्याला घरी बदली व्हावी म्हणून मी किती ठिकाणी शब्द टाकला होता, दर सोमवारी शंकराला बेल वाहत होतो, हे त्यांना ठाऊक होतं. ऑर्डर प्रत्येक वेळी सहीपर्यंत जाऊन अडायची.

"बाई," मी हात जोडले, "आता ती प्रार्थना थांबवा."

"थांबवली की. मोटर चालू झाली तवाच."

पुढच्याच महिन्यात माझी ऑर्डर निघाली. आता रिटायर झालोय. नवे इंजिनिअर बदलीसाठी कुणाला भेटावं म्हणून विचारतात. मी सांगतो, वशिला नंतर बघा, आधी तुमच्या बाकावर कोण बसलंय ते बघा आणि त्याचं काम करून टाका.