उंबऱ्यावरचं मीठ

वसईकरांनो, सकाळपासून कुणाला तरी सांगायचंच होतं!

तुम्हाला ठाऊक आहे, वसईत घर परवडेना म्हणून चार महिन्यांपूर्वी आम्ही हद्द ओलांडून गुजरातेत, उंबरगावला राहायला गेलो. माझी नर्सची नोकरी मात्र वसईतच, त्यामुळे रोज येऊन-जाऊन करते. बाबा माझ्यासोबत असतात. जन्मभर वसईच्या मिठागरात राबलेला माणूस, पण तिथे गेल्यापासून शेजाऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते.

आज दिवाळीचा पाडवा, पण हॉस्पिटलला कसली सुट्टी! पहाटे ड्युटीला निघताना दार उघडलं, तर उंबऱ्यावर मिठाची छोटीशी रास. करणी, दुसरं काय! मी झाडू उचलला.

तेवढ्यात समोरच्या जशुबेन धावत आल्या. "अरे बेन, ना ना, झाडू नका! आज आमचं नवं वरस. हे सबरस आहे, शकुनाचं मीठ, मीच ठेवलं. वर्षाची सुरुवात मिठाने झाली की घरात बरकत येते."

मी ओशाळले. मागे वळले तर बाबा उभे. ते वाकले आणि एक खडा उचलून त्यांनी कपाळाला लावला. ज्या मिठाने त्यांच्या पायांना भेगा पाडल्या, तेच मीठ.

"याला कुनी असा मान देतं, मला ठावंच नव्हतं," म्हणाले. मग जशुबेनना हात जोडून, "या, च्या घ्या."

माझी गाडी चुकली.

आत्ता बाबांचा फोन आला. "येताना आपल्याकडचं मूठभर मीठ आन. तिच्या उंबऱ्यावर ठेवायचंय."

कुणाकडे आहे का आपल्या मिठागरातलं? सहापर्यंत मी वसईतच आहे.