कूलरवाले आबा

आबा कुठे मुक्कामाला निघाले की ट्रॉलीत आधी कूलर चढायचा, मग आबा. पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, लहानशा कपाटाएवढा कूलर. मुलीच्या सासरी जाताना तो बरोबर, भाच्याच्या लग्नात तो मांडवात, आणि एकदा गावच्या सप्त्यात तर थेट व्यासपीठाच्या कडेला. त्याच्या घरघरीवर आवाज चढवता चढवता महाराजांचा घसा बसला म्हणे. रावेरच्या बाजारात नुसतं 'आबा' म्हटलं तर निम्मा बाजार वळून बघेल. 'कूलरवाले आबा' म्हटलं की एकच माणूस.

मला त्या माणसाची लाज वाटायची. आडपडदा कशाला ठेवू? मोठा आवाज, पोटावर चढलेली बंडी, खांद्यावर ओला पंचा, आणि समोर कलेक्टर असो की कुल्फीवाला, पहिला प्रश्न एकच: "पाणी पेले का?" नाव-गाव नंतर. शाळेत पालकसभेला आले तरी मुख्याध्यापिकाबाईंना आधी हेच विचारायचे. बाई गोंधळून पर्समधली बाटली काढून खरंच दोन घोट प्यायच्या, आणि मी खिडकीबाहेर बघत राहायची.

त्यांची नात आमच्या शाळेत होती, म्हणून ओळख. मी मूळची धुळ्याची, भुसावळला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. मे महिन्यात मुलींचं निसर्ग शिबिर घ्यायची खोड मीच शाळेला लावली. त्यासाठी आबांनी आपलं शेत देऊ केलं. सातपुड्याच्या पायथ्याशी केळीची बाग, बागेच्या टोकाला जुनी आमराई, शेजारी विहीर आणि मागे कोरडा पडलेला नाला. याहून चांगली जागा मला जन्मात मिळाली नसती. पण जागेबरोबर आबाही यायचे, आणि आबांबरोबर तो कूलर.

शिबिर चालवणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. मुलींना घराबाहेर मुक्कामाला पाठवा म्हणून दारोदार मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या. कुणाच्या आजीला आधीच विंचू दिसे, कुणाच्या बापाला बिबट्या. शबानाचे अब्बा, भुसावळात कापडाचं दुकान आहे त्यांचं, तीनदा हो म्हणून तीनदा फिरले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी तर बजावूनच ठेवलं होतं, "शिबिरात कुणी आजारी पडलं अशी एक जरी तक्रार आली, तर हे शिबिर शेवटचं." त्यामुळे मी डोळ्यांत तेल घालून असायची. आणि शिस्तीच्या बाबतीत तर विचारूच नका.

माझे नियम ठरलेले. पंखा नाही, मोबाइल नाही, बर्फ नाही. निसर्गात आलोय तर निसर्गासारखं राहायचं. मुलींनी कुरकुर केली की मी छाती काढून सांगायची, "मी धुळ्याची आहे. ऊन पिऊन मोठी झालेय. काही होत नाही." आज ते वाक्य आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

त्या वर्षी तंबू ठोकायला शिकवायला पुण्याहून एक तरुण सर आले होते. मी त्यांच्यावर छाप पाडायच्या बेतात. आमच्याकडचं शिबिर कसं अस्सल, कसलं लाडावणं नाही, वगैरे सांगत होते, तेवढ्यात बागेतून ट्रॅक्टर धडधडत आला. ट्रॉलीत कूलर दोरीने बांधलेला, त्याला धरून आबा उभे, आणि मागे वायरचं भलंमोठं वेटोळं. सरांनी हसत हसत मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"आबा, हे काय?"

"पोरींसाठी. गवत नवंकोरं टाकलं त्यात. विहिरीच्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढतो, दुपारी लाईट हाये या हप्त्यात."

"आबा, शिबिरात कूलर नसतो. मुलींना उन्हाची सवय व्हायला पाहिजे."

आबांनी पंचाने मान पुसली. "मॅडम, ऊन काय जावई हाये का, त्याचा मान ठेवाले? जंगलात यायचं ते झाडं पाहाले, का उन्हाशी कुस्ती खेळाले?"

मुली फिदीफिदी हसल्या. माझं टाळकं सरकलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आबा, ज्यांना गारव्यात लोळायचंय त्यांनी पलीकडच्या तंबूंत जावं." रस्त्याच्या पलीकडे तेव्हा नुकतंच कुणीतरी एसी तंबूंचं पर्यटन केंद्र काढलं होतं. पांढरे तंबू, आत पलंग, बाहेर जनरेटर, आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग. माझ्या लेखी तो निसर्गाचा अपमान होता, आणि आबांचा कूलर त्याचाच गावठी भाऊ.

आबा रागावले नाहीत. ते तिथे जाऊन आले होते म्हणे, मालकाने कौतुकाने आत बसवलं होतं. "बसलो जरासा. गार होतं, खोटं काऊन बोलू? पण त्याले दार लावा लागते. चेन वढून घेतली की ना झाड दिसे, ना पाखरू आयकू ये. दारंच लावाचं तं मंग घर काय वाईट होतं? कूलरचं तसं नाही. कूलरले खिडकी उघडीच लागते." असं म्हणून त्यांनी कूलरच्या पत्र्यावर थाप मारली, शेतात येताना बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

शेत त्यांचं, त्यामुळे कूलर परत पाठवणं माझ्या हातात नव्हतं. त्यांनी तो विहिरीजवळच्या आंब्याखाली लावला, तीन बाजूंनी ताडपत्री बांधली आणि समोर खाट टाकून बसले. मी विहिरीच्या अलीकडे हद्द आखून दिली: दुपारी कोणीही पलीकडे जायचं नाही. आबा तिकडून हाका मारायचे, "ये व माय, बस जराशी. पाणी पेली का?" मुली माझ्याकडे बघायच्या, आणि मी डोळे वटारायची. जेवायच्या वेळी मात्र त्यांचंच राज्य. वरण-बट्टीचा बेत त्यांचा, पन्हं त्यांचं, आणि प्रत्येकीच्या हातात एक कांदा. "खिशात ठेवजा, ऊन लागत नाही." पुण्याच्या सरांनीही मुकाट्याने ठेवला. मी नाही ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आमराईच्या कडेला उभी राहून मुलींना सातपुड्याबद्दल सांगत होते. मुली सावलीत, मी उन्हात. कारण त्यांना दिसलं पाहिजे ना, की काही होत नाही! डोक्याला रुमालसुद्धा बांधला नव्हता. शबाना मध्येच उठली. "मॅडम, डोकं दुखतंय. मी थोडा वेळ आबांकडे बसू?" मी म्हटलं, "सहन करायला शिक जरा. एवढंसं ऊन लागलं की कूलर पाहिजे, उद्या संसार काय करशील?" पोर खाली मान घालून बसली. आणि तो कूलर मागे घरघरत होता, त्यात माझेच शब्द मला ऐकू येईनात. मी सरांना म्हटलं, "मुलींना जेवायला न्या, मी तो आवाज बंद करून येते."

तावातावाने निघाले. विहिरीपर्यंत गेले ते आठवतं. ताडपत्रीच्या आत शिरून "आबा, बंद करा ते आधी" असं म्हणायचं होतं. जीभ लाकडासारखी झालेली, अर्धंच वाक्य निघालं. आबांचा चेहरा तिरका झाला, आंब्याचं झाड तिरकं झालं, आणि मी खाटेवर कोसळले.

शुद्धीवर आले तेव्हा तोंडावर कूलरचा झोत होता. ओल्या गवताचा वास, गार वारा, मानेखाली ओला पंचा. आबा तळपायांना कांदा चोळत होते. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, माझे पाय मांडीवर घेऊन बसलेला! मी पाय ओढून घेतले. "पडून राय, माय," ते म्हणाले. मॅडमची माय झाली होती मी. त्यांनी चमच्याने पन्हं पाजलं. मला रडू फुटलं, आणि ते आजारपणाचं नव्हतं.

तेवढ्यात मुलींचा गलका ऐकू आला. आबांनी घाबरून आधी आपल्या बायकोला, अक्कांना, हाक मारली होती, ती मुलींनी ऐकली असावी. मी धडपडत उठायला लागले. आबांनी बाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मला खाटेवरून उठवून शेजारच्या पाटावर बसवलं, अगदी झोताच्या तोंडाशी, आणि स्वतः धप्पकन खाटेवर आडवे झाले.

"आबा, काय करताय?"

"गुपचूप बसा. मॅडमच पडल्या असं घरी कळलं, तं पुढच्या साली एक पोर यायची नाही. माह्यं काय, म्हातारा माणूस."

मुली ताडपत्रीत घुसल्या तोवर आबांनी पंचा तोंडावर घेऊन कण्हायला सुरुवात केली होती. "ऊन लागलं व माय! मॅडम आल्या म्हून वाचलो. पाणी टाकता टाकता बिचाऱ्या सोताच भिजल्या." साडी माझी चिंब होती खरी. मुली कौतुकाने माझ्याकडे बघायला लागल्या. सर म्हणाले, "ग्रेट, मॅडम." घाबरलेल्या मुलींच्या मागे शबाना उभी होती, लाल तोंड करून. मी तिला हात धरून जवळ ओढलं आणि माझ्या शेजारी झोतात बसवलं. "दुपारभर सगळ्यांनी इथेच बसा," मी म्हटलं. ताडपत्री वर गुंडाळली आणि आबांच्या कण्हण्याच्या साथीत बाकीचा सातपुडा मी तिथेच शिकवला.

संध्याकाळी मला राहवेना. सगळ्यांना गोळा करून सांगून टाकलं: आबांना काही झालं नव्हतं. ऊन मला लागलं होतं, माझ्या हट्टापायी. मग शबानाच पहिली बोलली, "मॅडम, आबांना वाईट वाटू नये म्हणून तुम्ही असं म्हणताय ना?" लगेच सगळ्यांनी तेच धरलं. किती मोठ्या मनाच्या मॅडम! सरांनी टाळ्या वाजवल्या. मागे आबा खो खो हसत होते. खोट्याने वाटली नव्हती एवढी लाज मला खरं बोलून वाटली.

पुढे आख्ख्या रावेर तालुक्याने आबांना सळो की पळो केलं. केळीच्या ट्रकवर हमाल ओरडायचे, "आबा, कूलर असून ऊन लागलं म्हणे!" उभा जन्म उन्हात केळी काढलेला तो माणूस. एकदा माझ्यासमोरच कुणीतरी असं बोललं. मी चवताळून खरं सांगायला गेले, तर आबांनीच मला गप्प केलं. "लागलं बापा, लागलं," ते त्याला म्हणाले. "तू पाणी पेला का?"

आबा गेले ते थंडीच्या दिवसांत, कूलर माळ्यावर असताना. मी अक्कांना भेटायला गेले तेव्हा ओट्यावर शबाना बसलेली दिसली. आता ती जळगावला नर्स आहे. लोक आबांच्या गोष्टी काढत होते, आणि ओघाने ती गोष्ट निघालीच. रडता रडता लोक हसले. मी उठून पुन्हा सांगितलं, नाही हो, मी पडले होते. लोकांनी माना डोलावल्या, शिक्षकी पेशाचा मोठेपणा म्हणून.

निघताना शबाना रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझा हात धरला ना तेव्हा, तुमचा हात तव्यासारखा तापला होता. आणि आबांचे पाय कोरडे, कांद्याचा वास तुमच्या पायांना. आम्हा सगळ्यांना कळलं होतं."

"मग मी सांगितलं तेव्हा?"

"तुमचं तोंड इतकं उतरलं होतं मॅडम. आबा मागून खुणा करत होते, नाही म्हणा, नाही म्हणा."

मी तिथेच रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मी ज्या पोरीला सहन करायला शिक म्हणाले होते, तिने इतकी वर्षं मला सांभाळून घेतलं होतं. शबानाने पिशवीतून बाटली काढली आणि म्हणाली, "पाणी प्यायलात का?"

कूलर अक्कांनी शिबिराला दिला. शिबिर अजून त्याच आमराईत भरतं. पलीकडचे एसी तंबू वाढलेत, इकडच्या मुली अधूनमधून तिकडे हेव्याने बघतात, आणि बघोत बापड्या. पण पहिल्याच दुपारी, ऊन चढायला लागलं की, मी सगळ्यांच्या देखत पंचा ओला करते, कूलरसमोरच्या खाटेवर जाऊन आडवी होते आणि मोठ्याने कण्हते. मुली हसून हसून बेजार होतात. मग त्यांच्यातली एखादी, सकाळपासून डोकेदुखी दाबून बसलेली, कुणाला न विचारता हळूच माझ्या पायथ्याशी येऊन बसते.