देवमाशाला गंगाजल

करंजाच्या किनाऱ्याला जिवंत देवमासा लागलाय असं कळल्यावर आईने मला खांदा कॉलनीतून गाडी काढायला लावली. जगातला एवढा मोठा प्राणी, आणि ओहोटीने त्याला चिखलात टाकून दिलं होतं. होड्यांना दोर बांधून ओढून झालं होतं, दोर तुटले होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून लोक त्याला हळदकुंकू वाहत होते आणि त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत होते. मला सगळ्यांचाच संताप आला. त्या संतापाचाही त्याला काही उपयोग नव्हता.

शेजारी उभी असलेली कोळीण म्हणाली, "देव हाय तो. पन आता नाय वाचायचा."

आईने पिशवीतून गंगाजलाचा सीलबंद गडू काढला. स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी तिने तो कित्येक वर्षं देवघरात जपला होता. माशाचं तोंड चिखलात रुतलं होतं. डोक्यावर मात्र एक भोक होतं, ते थांबून थांबून उघडत होतं. मासा कुशीवर कलला होता, त्यामुळे तिचा हात पोचला. तिने सगळं पाणी त्यात ओतलं.

आतून मोठा फुत्कार आला. आमच्या तोंडावर पाणी उडालं. मग ते भोक मिटलं आणि पुन्हा उघडलंच नाही.

परतताना आई समाधानाने म्हणाली, "बरं झालं. जाताना तोंडात पाणी तरी पडलं त्याच्या."

मी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिलो. तो त्या भोकातून श्वास घेत होता.