सात दुपारी वाचलेली कादंबरी

वाणीला अर्थ देणाऱ्या श्रीशारदेला आणि आमच्या पंचक्रोशीचा सांभाळ करणाऱ्या श्रीयेडेश्वरीला वंदन करून, गावच्या वाचनालयाने स्मरणिकेसाठी मागितलेली ही आठवण लिहितो. प्रसंग गेल्या दिवाळीच्या सुटीतला आहे. राग अद्याप पुरता शमलेला नाही, हे आधीच सांगणे बरे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी उमरग्याला शिक्षिका आहे. अनेक वर्षे खपून तिने एक कादंबरी लिहिली. बारवेच्या तळाशी एक राज्य आहे. माणसांचे हरवलेले आवाज तिथली राणी मडक्यांत झाकून ठेवते. मुक्या झालेल्या आईचा आवाज आणायला एक मुलगी त्या पायऱ्या उतरते. येरमाळ्याजवळचे आमचे गाव हे तिचे माहेर. पहिली प्रत तिने इथल्या वाचनालयाला दिली आणि पंधरवड्यात अर्ज आला की, हे पुस्तक काढून टाकावे. राणीच्या रूपाने देवीची विटंबना केली आहे, शिवाय सगळे खोटे आहे. जे खोटे, त्याने विटंबना कोणाची होते, हे अर्ज लिहिणाऱ्याला सुचले नव्हते.

पहिली सही माझ्या शेजाऱ्यांची, निवृत्त तलाठ्यांची. चातुर्मासात माझे पुराण ते वर्षानुवर्षे ऐकत आले आहेत. पर्वताने समुद्र घुसळला, हे त्यांनी कधी शंका न काढता ऐकले. मी विचारले, किती पाने वाचलीत?

“वाचायची गरजच न्हाय गुरुजी. वरच्या चित्रात बाई मडकं घेऊन पाण्यातनं वर येतीय. कळतंय की.”

प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते मांडून झाल्याशिवाय खंडनाला तोंड उघडायचे नाही, या शिस्तीत आम्ही वाढलो. आणि इथे चित्र पाहून निवाडा! वाचनालयाच्या कार्यकारिणीच्या बैठकीला लेखिका स्वतःच प्रत परत न्यायला आली होती. “राहू द्या गुरुजी,” ती म्हणाली. “दुसरं लिहायला घेतलं होतं, तेही ठेवून देते आता.”

त्या वाक्याने माझा संयम सुटला. मी उभा राहिलो आणि अट घातली: सप्ताह करतो तसे सात दुपारी मारुतीच्या सभामंडपात हे पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचेन, सही करणाऱ्यांनी ऐकावे, निर्णय त्यानंतर. अध्यक्षांनी मान्य केले.

दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी एक वृद्धा पुढे आली, पुस्तकाला हळदकुंकू वाहिले, नारळ ठेवला आणि डोके टेकले. तलाठी लगेच उठले. “बघा. खोट्या बाईची पूजा सुरू झाली.”

मी त्यांना फैलावर घेणार, तोच लेखिका माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “गुरुजी, चूक तुमची आहे. चौरंग, उदबत्ती, सोवळं. मी पोथी लिहिली नाही, गोष्ट लिहिलीय. तिला गोष्टच राहू द्या.”

क्षणभर तिचाही राग आला. पण तिचे खरे होते. उभ्या जन्मात मांडीपुढे चौरंग नसताना मी चारचौघांत काही वाचलेच नव्हते. मी चौरंग बाजूला सारला, उदबत्ती दूर केली, खांबाला टेकून पुस्तक हातात धरले.

“मंग माझा नारळ?” वृद्धेने विचारले.

“फोडा मावशी,” तलाठी म्हणाले. “गोष्टीला खोबरं चालतंय.” मंडपात पहिल्यांदा हशा पिकला.

सातव्या दुपारी शेवट वाचला. आईच्या आवाजाच्या बदल्यात मुलगी आपला आवाज मडक्यात ठेवून येते; आई दारातून तिला हाक मारते आणि ती फक्त टाळी वाजवते. मग तलाठी उठले ते थेट लेखिकेपुढे.

“हे बरोबर न्हाय केलं तू. आता ती पोरगी आईला हाक कशी मारंल?”

“तुम्हीच सांगा काका.”

मग ते सांगतच राहिले. राणीला वाटाघाटीला बसवायला हवे होते, मडके फोडायला हवे होते, एकटीने उतरायलाच नको होते. अध्यक्षांनी अर्ज वर धरून विचारले, याचे काय करू?

“ते ठेवा बाजूला. आधी हिला म्हणावं, पुढच्या पुस्तकात पोरीचा आवाज परत आण.”

“आणीन असं नाही,” ती म्हणाली, “पण लिहीन.”

प्रत वाचनालयात राहिली. सही करणाऱ्यांपैकी कित्येकजण एकही दुपार फिरकले नाहीत. पारावर बसून ते पुस्तकाला अजून नावे ठेवतात. त्यांच्यावरचा माझा रोष कायम आहे. तलाठ्यांवर मात्र नाही. त्यांचे लेखिकेशी अजून पटत नाही, पण ते ऐकून न पटलेले आहे.

वाचकहो, ज्या ग्रंथाला तुम्ही हात लावाल तो शेवटच्या पानापर्यंत वाचण्याचे धैर्य तुम्हाला लाभो. तुमच्या घरी लेकरांना गोष्ट सांगणारे कोणीतरी सदैव असो, चूल पेटती राहो आणि श्रीजगदंबा तुमच्या सर्व कुटुंबाला आयुरारोग्य देवो. शुभं भवतु.