कारळ्याच्या चटणीचा डबा

शांते, मी पुण्याला निघाले त्या दुपारी तू स्टेशनवर आलीच नाहीस. रुसली होतीस. धाकटी ना तू! अव्वा मात्र आईच ना, गाडी हलली तरी खिडकीचा गज धरून चालत होती. कडक भाकऱ्यांचं गाठोडं आणि शेंगाचटणीचा पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर देऊन म्हणाली, "उपाशी ऱ्हाऊ नगंस. संपली की लिही, अजून कुटून धाडते की."

नर्सिंगच्या ट्रेनिंगला नंबर लागला होता माझा. वॉर्ड, ड्यूटी, हॉस्टेल, मेस असले शब्द आठवड्याभरात तोंडात बसले. डबा संपला की मी पत्र टाकायचे आणि सोलापूरहून येणारं कुणीतरी नवा डबा आणून द्यायचं.

पुढं महागाई भडकली. एकदा डबा उघडला तर आत शेंगांच्या जागी कारळ्याची काळी चटणी! काय संताप आला मला. शेंगा महागल्या म्हणून अव्वानं स्वस्तातलं कारळं घेतलं असेल, एवढं साधं डोक्यात आलं नाही. लिहून मोकळी झाले, "असली चटणी मैत्रिणींपुढं ठेवायची लाज वाटते. शेंगांचीच पाठव." पुढचा डबा शेंगांचा आला. मी खूश.

दिवाळीला घरी आले. जेवायला बसलो, तर आमटीत डाळ शोधावी लागत होती, भाजी नव्हतीच, आणि तू चौथी भाकरी घेत होतीस. मी लई शहाणी! म्हटलं, "ज्वारी एवढी महागलीय, तर भाकऱ्या जरा कमी नाही का करायच्या?"

अप्पा नुकतेच कापडाच्या मागावरची पाळी करून आलेले. ताटाकडं बघतच बोलले, "पगार हाय तेवढाच हाय, पोरी. निम्मा तर जवारीनंच खाल्ला. डाळ न्हाय परवडत, भाजी न्हाय परवडत. मग पोट भरायचं कशानं? उलट भाकरीच जास्त लागतीय की."

महागलेली वस्तूच घरात जास्त लागते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तरी सवयीनं चटणी मागितली. तू फणकारलीस, "आमाला कुटं चटणी, अक्का? शेंगा येतात त्या तुझ्या डब्यापुरत्याच." अव्वानं तुझ्याकडं डोळे वटारले.

आता हव्या तेवढ्या शेंगा आणता येतात. तरी माझ्या घरी बरणी असते ती कारळ्याच्या चटणीची. बाजारातून आणते. मुलं नाकं मुरडतात.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नाही गं. तो कारळ्याचा डबा मी चाखलासुद्धा नव्हता. मेसमध्ये भांडी घासणाऱ्या बाईला तसाच देऊन टाकला होता. आज अप्पा नाहीत, अव्वा नाही, आपण राहायचो ती खोलीही दुसऱ्याची झाली. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी सोलापूर म्हणते, आणि डोळ्यांपुढं तो डबा येतो.

या खेपेला येशील तेव्हा दोन दिवस जास्त राहा. उखळ आहे माझ्याकडं, कारळंही आणून ठेवते. तू कूट. तुझा हात अव्वावर गेलाय.